तीन भिंतींची पाचवी

सरकारकडे खोली मागितलेल्या माणसाने ती बांधून होईपर्यंत गाव सोडून कुठेही जाऊ नये, हा नियम वामनराव खोब्रागडे गुरुजींनी पुढे जन्मभर पाळला. पण तो त्यांना सुचला खोली झाल्यावर. त्याआधी ते एक साधेसरळ, इस्त्रीच्या सदऱ्यातले मुख्याध्यापक होते आणि गाव आपल्या शब्दाबाहेर नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं.

ते मुख्याध्यापक होते सावरटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेचे. खोल्या दोन, वर्ग चार. पहिली आणि दुसरी एका खोलीत एकमेकींवर ओरडत असत, तिसरीला दुसरी खोली होती आणि चौथी व्हरांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बैलबंड्या मोजत असे. पाचवी नव्हतीच. पाचवी होती नाल्यापलीकडच्या गावात, आणि पावसाळा लागला की तो नाला दसऱ्यापर्यंत कुणाचं ऐकत नसे. मुलगे कपडे डोक्यावर बांधून पोहत जायचे. मुलींची दप्तरं मात्र चौथीनंतर खुंटीला लागायची, ती कायमचीच.

यंदा चौथीत देवकाबाईची नात गोकुळा होती. गावात किराण्याचं दुकान एकच आणि ते देवकाबाईचं. गोकुळा दुकानात बसून पुडीला आलेला प्रत्येक कागद वाचून काढी. साबणाच्या, चहाच्या वेष्टनावरची इंग्रजी अक्षरं तेवढी तिला लागत नसत, आणि त्याचा तिला भयंकर राग होता. ती वेष्टनं घेऊन ती गुरुजींच्या घरी येई आणि त्यांच्या पत्नीला, कमलाबाईंना विचारी, "हे का लिवलं हाय? वाचून सांगा."

"इंग्रजी पाचवीत असतं," गुरुजी आतून सांगत.

"मंग पाचवी कवा येईन आपल्या गावात?"

यावर गुरुजी घसा खाकरत आणि कमलाबाई त्यांच्याकडे बघत. त्या बघण्याला कंटाळूनच एका रविवारी त्यांनी अर्ज लिहायला घेतला. पाचवीचा वर्ग मिळायचा तर आधी वर्गखोली पाहिजे, असा कायदा होता. म्हणून 'पक्क्या बांधकामाची, उंच जोत्याची, हवेशीर व भरपूर उजेडाची एक वर्गखोली मिळावी' असं त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं. पुढे या वाक्यातला एकेक शब्द त्यांच्यावर उलटणार होता, पण त्या दिवशी तरी त्यांनी ते कमलाबाईंना दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

जिल्हा तेव्हा नवा होता. चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा निघून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे अर्ज सवयीने आधी जुन्या जिल्ह्याला गेला, तिथे थोडे दिवस पाहुणचार घेऊन परत आला आणि मग नव्या जिल्ह्याला निघाला. वाटेत तालुक्याच्या कारकुनाने त्याला अडवलं.

"पाचवीसाठी खोली नाही, हे कशावरून?"

"साहेब, नाही म्हणजे नाही. येऊन बघा."

"तुम्ही म्हणता ते ठीक आहे. पण खोली नसल्याचा दाखला पाहिजे."

ग्रामसेवक म्हणाला, जे आहे त्याचा दाखला मी देतो. जे नाही त्याचा द्यायचा अधिकार मला नाही. शेवटी तालुक्याहून एक विस्तार अधिकारी सायकल हाणत आले. त्यांनी शाळेमागच्या मोकळ्या जागेला चारी बाजूंनी फेरी मारली, मधोमध उभं राहून वर पाहिलं, कमलाबाईंचे पोहे खाल्ले आणि 'सदर जागी खोली आढळून आली नाही' असं लिहून दिलं. हा दाखला इतका बिनचूक होता की खोली लगेच मंजूर झाली. अट दोन गोष्टींची होती: मजुरी गावाने श्रमदानातून द्यायची, आणि काम मार्चअखेर पुरं करायचं.

मंजुरीची बातमी येताच सरपंच मनसारामभाऊ टोपलीभर वांगी घेऊन गुरुजींच्या दारात हजर झाले. ही वांगी साधी नव्हती. मनसारामभाऊ हे सरपंच तर होतेच, पण त्याहून मोठं पद म्हणजे ते सावरटोला नाट्य मंडळाचे दिग्दर्शक होते. धान निघालं, मंडईची जत्रा भरली की झाडीपट्टीतल्या कुठल्याही गावाप्रमाणे सावरटोल्यातही नाटक उभं राही, आणि बांबू-तट्ट्यांचा रंगमंच बांधता-मोडता लोकांचा जीव मेटाकुटीला येई. गुरुजींना नाटकांचा तिटकारा होता. दोन वर्षांमागे प्रॉम्प्टरला ताप आला म्हणून मंडळाने मोठ्या आदराने त्यांना विंगेत बसवलं होतं. मरणासन्न नायक कळवळून म्हणाला, "तुले माही आन हाय!" आणि विंगेतून गुरुजी खणखणीत आवाजात म्हणाले, "तुला माझी शपथ आहे, असं म्हण." प्रेक्षक इतके हसले की नायकाला पुन्हा पहिल्यापासून मरावं लागलं. तेव्हापासून सरपंच आणि गुरुजी यांच्यात नमस्कारापुरतंच बोलणं उरलं होतं.

म्हणून वांगी बघून गुरुजी विरघळले. अखेर गावाला शिक्षणाचं महत्त्व पटलं, असं त्यांनी कमलाबाईंना सांगितलं. कमलाबाईंनी वांगी उलटीसुलटी करून पाहिली आणि चिरायला घेतली.

सभा भरली तेव्हा सूचनांचा पाऊस पडला. "जोतं चांगलं उंच पायजे, गुरुजी," मनसारामभाऊ म्हणाले. "साप-इच्चूचा धोका राह्यते." गुरुजींना पटलं. "आन समोर मोकळी जागा पायजे, भरपूर." गुरुजींना वाटलं मैदान, त्यांना तेही पटलं. गवंडीकाम मुखरूकडे द्यायचं ठरलं. मुखरू भिंत सरळ बांधणारा म्हणून पंचक्रोशीत नावाजलेला होता. नाटकात तो खलनायक असे, पण तो त्याचा दोष नव्हता. सभेत विरोध एकट्या देवकाबाईने केला.

"खोली बांधा नाईतर राजवाडा बांधा," ती म्हणाली. "पाचवी इथी आली त आली. पोट्टी मी नाल्यापलीकडे धाडत नाई."

पाया भरला गेला आणि नेमकं त्याच वेळी गुरुजींना नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणाला बोलावणं आलं. नव्या जिल्ह्यात एवढ्या गुरुजींना एकत्र बसायला जागा नव्हती, म्हणून प्रशिक्षण चंद्रपूरला. निघताना त्यांनी मुखरूला हाक मारून सांगितलं, "काही अडलं तर मनसारामभाऊंना विचार." हे वाक्य पुढे त्यांना झोपेतही आठवून दचकवायचं.

चंद्रपुरात ते ऊर्जानगरला साडू देवराव यांच्या क्वार्टरमध्ये उतरले. देवराव वीजकेंद्रात फिटर. नळाला चोवीस तास पाणी असल्यामुळे ते कुठल्याही विषयावर अधिकारवाणीने बोलत.

"वामनराव, बांधकामावर मानूस उभा पायजे. तुमी इथी काऊन बसून राह्यले?"

"गाव माझ्या शब्दाबाहेर नाही," गुरुजी म्हणाले आणि बादलीभर पाण्याने दुसऱ्यांदा आंघोळ करून आले.

प्रशिक्षण संपवून ते एसटीने फाट्यावर उतरले तेव्हा मार्च सरत आला होता आणि हवेत मोहफुलांचा गोड वास सुटला होता. गावात शिरताना त्यांना खोलीची मागची भिंत दिसली. सरळ, देखणी, पांढरा चुना लावलेली, वर चकचकीत टिनाचे पत्रे. गुरुजींचा ऊर भरून आला. ते डावीकडून गेले; तिकडेही भिंत होती. वळसा घालून पुढे आले आणि तिथे काहीच नव्हतं. कमरेएवढं उंच जोतं होतं, त्यावर थेट खोलीचं आतलं दिसत होतं. आपण चुकून मागच्या बाजूला आलो असू, असं वाटून त्यांनी पुन्हा एक फेरी मारली. बाजू तेवढ्याच राहिल्या.

मुखरू जोत्यावर बसून थापी धूत होता.

"मुखरू, चौथी भिंत कुठे आहे?"

मुखरूने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे पाहिलं. "कोनती चौथी?"

"अरे, समोरची!"

"समोरून त लोक पाह्यतीन ना, गुरुजी."

गुरुजी जोत्याच्या कडेला बसले. तेवढ्यात मनसारामभाऊ आले आणि त्यांच्या शेजारी ऐसपैस बसले. आपण काही लपवून केलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

"गुरुजी, शाळा अकराले भरते, पाचले सुटते. बरोबर? नाटक राह्यते रातच्याले. मंग रातभर खोली रिकामी ठेवून सरकारचा पैसा वाया कायले घालवाचा?"

"पण भाऊ, ही वर्गखोली आहे!"

"हाव ना. दिवसा वर्गखोलीच हाय. तुमीच लिवलं ना अर्जात, उंच जोतं पायजे, हवेशीर पायजे, उजेड भरपूर पायजे? आता याच्याहून हवेशीर कशी बांधाची, तुमीच सांगा."

"आणि हे दोन्ही बाजूंना कोनाडे कसले?"

"विंगा हायेत. पोट्ट्यांचे दप्तरं ठेवाले बी होतीन."

मागच्या भिंतीत, अगदी कोपऱ्यात, एक अरुंद दार होतं. ते कशासाठी, हे गुरुजींनी विचारलंच नाही. मुखरूने आपणहून सांगितलं की राजाची एन्ट्री तिथून आहे.

"ठीक आहे," गुरुजी उठले. "झालं ते झालं. उद्यापासून समोरची भिंत घ्यायची."

पण विटा संपल्या होत्या. चौथ्या भिंतीच्या विटा जोत्याच्या उंचीत आणि विंगांत गेल्या होत्या. आणि माणसं? माणसं दुसऱ्या दिवसापासून मोहफुलं वेचायला जंगलात जाणार होती. मोह गळायला लागला की सावरटोल्यात पहाटेनंतर म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच उरतं. सरकारने मार्चअखेरची तारीख ठरवताना मोहाला विचारलं नव्हतं, आणि मोहाने सरकारला.

वर भर म्हणून संध्याकाळी निरोप आला: ओव्हरसीयर ढवळे साहेब शुक्रवारी काम तपासायला येणार.

"पडदा लावू," मनसारामभाऊ म्हणाले.

मंडळाकडे एक मोठा रंगवलेला पडदा होता. श्रीमंताच्या घराची बाहेरची बाजू: फिकट गुलाबी भिंत, हिरवं दार, दोन खिडक्या आणि एका खिडकीत पिंजऱ्यातला पोपट. गुरुजींनी ठणकावून सांगितलं, ही शुद्ध फसवणूक आहे.

"फसवनूक कायची? साहेबानं इचारलं, पडदा हाय का, त हाव म्हनू. नाई इचारलं त आपून कायले बोलाचं?"

गुरुजी घरी जाऊन पालथे पडले. कमलाबाई म्हणाल्या, "जेवून तर घ्या." ते जेवले, आणि पडदा लागू नये यासाठी त्यांनी त्यापुढे काहीही केलं नाही, हेही इथे सांगितलं पाहिजे.

शुक्रवारी ढवळे साहेब मोटारसायकलवरून घामाघूम होऊन आले. गॉगल न काढताच त्यांनी दुरून खोलीवर नजर टाकली. "वा! रंगबिंग पण दिला." त्यांना चिंचेच्या सावलीत खुर्ची दिली गेली, हातात चहा दिला गेला. खोलीकडे पाठ करून बसवायचा सगळ्यांचा बेत होता, पण साहेबांनी खुर्ची फिरवली.

"तो पोपट कशासाठी?"

"पोट्ट्यांले शाळेची गोडी लागावी म्हून," मनसारामभाऊ म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. गुलाबी भिंत हळूच पुढे फुगली, क्षणभर तशीच राहिली आणि परत आत गेली. साहेबांनी गॉगल काढला.

"गुरुजी, भिंत हलून राह्यली."

मदतीला पुन्हा सरपंचच धावले. "नवीन हाय साहेब. अजून वाळ्ळी नाई."

हे कदाचित खपलंही असतं. पण देवकाबाईची शेळी, जिला गावात कुठेच मज्जाव नव्हता, ती सकाळपासून आत सावलीला बसली होती. तिला आता बाहेर यावंसं वाटलं. हिरवं दार खालून वर उचललं गेलं, त्यातून आधी शिंगं आली, मग तोंड, आणि मग अख्खी शेळी चघळत चघळत भिंतीतून बाहेर पडून साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

ढवळे साहेब उठले. दारापाशी गेले, दार वर उचललं, आत डोकावले, दार नीट खाली सोडलं आणि परत येऊन उरलेला चहा संपवला.

"मी काही पाह्यलं नाही," ते म्हणाले. "पण जे पाह्यलं नाही त्याचा दाखला मी देत नसतो. इस्टिमेटमध्ये 'चारी बाजूंनी बंदिस्त' असं लिहिलं आहे. एकतीस तारखेला परत येतो. तोवर बंदिस्त झाली तर ठीक. नाहीतर काम अपूर्ण, आणि पाचवीचा प्रस्ताव माझ्या शेऱ्याशिवाय वर जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

मोटारसायकलची धूळ खाली बसली तरी गुरुजी तिथेच उभे होते. इस्त्रीच्या सदऱ्याची, वळणदार अक्षराची, एवढ्या वर्षांच्या नोकरीची त्यांना मनस्वी लाज वाटली. एका शेळीने आपली अब्रू घेतली, असं ते कमलाबाईंना म्हणाले. कमलाबाई म्हणाल्या, "अब्रूचं राहू द्या. गोकुळा आज पुन्हा येऊन गेली. पाचवी कधी सुरू होते म्हणून विचारत होती."

मग गुरुजींनी ठरवलं, भिंत आपणच घालायची. मातीची. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते शाळा सुटल्यावर चिखल तुडवायला उभे राहिले. कमलाबाई पाणी आणून ओतू लागल्या. मोहाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन परतणारं गाव दोन मिनिटं थांबून सल्ला देऊन जाई. "गुरुजी, पानी लय झालं." "गुरुजी, पानी कमी पडलं." "गुरुजी, धानाचं तनस टाका तनस." देवाची कृपा म्हणजे हात कुणी लावला नाही, नाहीतर सल्ले आणखी वाढले असते. अंधार पडेतो भिंत गुडघ्याएवढी झाली. सकाळी बघतात तो ती घोट्याएवढी झाली होती आणि तिच्यावर ऐटीत शेळी उभी होती.

चिखलाने माखलेले गुरुजी साबण आणायला देवकाबाईच्या दुकानावर गेले. दुकान नुकतंच उघडत होतं. दुकानाला दार नव्हतं. जुन्या चालीप्रमाणे समोरची अख्खी बाजू सागाच्या उभ्या फळ्यांनी बंद व्हायची. वरखाली खाचा, त्यात एकेक फळी सरकवायची, शेवटच्या फळीला कुलूप. देवकाबाई एक फळी काढी आणि आत उजेडाची एक पट्टी पडे. दुसरी काढी, उजेड वाढे. गुरुजी हातातले पैसे विसरून बघतच राहिले.

"गुरुजी, साबन घ्या नं. असे का पाहून राह्यले?"

"देवकाबाई," गुरुजी म्हणाले, "या फळ्या किती रुंद होतात सगळ्या मिळून?"

"दुकानाएवढ्या."

गुरुजींनी मग सगळं सांगितलं. फळ्या लावल्या की खोली बंदिस्त, काढल्या की रंगमंच. शाळाही राहील, नाटकही राहील, पाचवी येईल. बोलता बोलता ते इतके रंगले की त्यांना स्वतःच्याच वाणीचं कौतुक वाटायला लागलं.

"आन माह्या दुकानाले का लावू?" देवकाबाईने विचारलं. "तुमचा पोपटाचा पडदा?"

"तसं नाही, पण..."

"माह्या सासऱ्यानं आलापल्लीहून बंडीनं आनला हा साग. तुमच्या नाटकासाठी नाई आनला. साबन घ्या आन जा."

गुरुजी साबण घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी पोरांना दिवसभर शुद्धलेखन घातलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. एवढे ते कधी गप्प बसत नसत, त्यामुळे चौथीही भीतीने गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेसमोर एक बंडी येऊन थांबली. बंडीत फळ्या होत्या, फळ्यांवर गोकुळा बसली होती आणि मागून पदर खोचून देवकाबाई चालत होती. तिचा चेहरा भांडायला आल्यासारखा होता.

"राती पोट्टीनं इचारलं," ती गुरुजींवर जवळजवळ ओरडलीच. "म्हने, आजी, पाचवीत कोन जाईन? मी म्हनलं, नाला पोहून पोट्टे जातीन. म्हने, मंग मी का करीन? मले उत्तर नाई आलं, गुरुजी. रातभर नाई आलं. म्हून फळ्या आनल्या. आता तुमी बोलू नोका, उतरवून घ्या."

गुरुजींचे डोळे भरून आले होते आणि चौथीसमोर रडणं मुख्याध्यापकाला शोभत नाही. ते घाईने एक फळी उचलायला गेले आणि ती त्यांच्या पायावर पडली, त्यामुळे रडायला रीतसर कारण मिळालं.

मनसारामभाऊंना बातमी लागली तेव्हा ते मोहाची टोपली तशीच रानात टाकून आले. त्यांनी फळ्या पाहिल्या, मोकळी बाजू पाहिली आणि टाळी वाजवली. "मंडईच्या दिवशी काढाच्या, दुसऱ्या दिवशी लावाच्या! गुरुजी, हे पह्यलेच काऊन नाई सुचलं तुमाले?" मुखरूनेही मोह एक दिवस सोडला, वरखाली लाकडी पट्ट्या ठोकून खाचा केल्या. रुंदी कमी पडली तिथे विंगांच्या कडा दगडमातीने पुढे आणल्या. आणि त्या संध्याकाळी देवकाबाईच्या दुकानाला खरोखरच गुलाबी भिंतीचा पडदा लागला. मंडळाचे गडी आळीपाळीने पुढ्यात झोपायला जात. पण देवकाबाईचं म्हणणं असं की राखण पोपटच करतो; पडद्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

एकतीस तारखेला ढवळे साहेब आले. या वेळी त्यांनी चहा घेतला नाही. गॉगल काढून सरळ भिंतीशी गेले, फळीवर टकटक केलं, खांदा लावून रेटून बघितलं.

"ही भिंत आहे की दुकान?"

गुरुजींनी सदऱ्याची कॉलर नीट केली. "साहेब, इस्टिमेटमध्ये 'बंदिस्त' आहे. कशाने, ते लिहिलेलं नाही."

साहेबांनी कागद काढून वाचला. मग परत वाचला. ते विचारात पडले आहेत, हे बघून मनसारामभाऊ काहीतरी मदत करायला पुढे सरकले. गुरुजींनी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. नेमक्या त्याच वेळी देवकाबाईची शेळी आली. गेल्या वेळची वाट तिला चांगली आठवत होती. ती पायऱ्या चढून ऐटीत जोत्यावर गेली, हिरवं दार जिथे होतं तिथे मान खाली घालून घुसली, आणि 'धाड' असा आवाज झाला. शेळी दोन पावलं मागे आली, तिने फळीकडे बघून अपमान झाल्यासारखं तोंड केलं आणि आल्या वाटेने निघून गेली.

ढवळे साहेब हसायला लागले ते पोट धरून हसले. मग मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, 'काम पूर्ण. चारी बाजूंनी बंदिस्त असल्याची प्रत्यक्ष खात्री केली.'

"खात्री कुनी केली, ते नाई लिवलं साहेबानं," मनसारामभाऊ नंतर म्हणाले. पण तेव्हा तरी ते गप्प होते, आणि यासाठी गुरुजींनी त्यांना मागचं सगळं माफ केलं.

पाचवीला मंजुरी उन्हाळ्यात आली. जून सरताना शाळा उघडली. पाऊस अजून यायचा होता. पत्र्याखाली असा उकाडा की फळ्या लावून पोरं बसवणं म्हणजे त्यांना उकडायला ठेवणं. म्हणून गुरुजींनी पहिल्या दिवशी सगळ्या फळ्या काढून ठेवल्या. पाचवीची पोरं खोलीत ओळीने बसली. गुरुजी मागच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्याकडे तोंड करून तारीख लिहायला लागले, आणि मागून कसलीतरी कुजबुज ऐकू आली म्हणून वळले.

समोरच्या मोकळ्या जागेत अख्खा सावरटोला बसला होता. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, मध्ये सतरंज्या. मनसारामभाऊंनी आदल्या दिवशी भोंगा लावून गावभर पुकारा केला होता, असं मागाहून कळलं: 'उद्या सकाळी ठीक अकरा वाजता, आपल्या गावच्या रंगमंचावर प्रथमच, पाचवी!' मुखरू पानसुपारी वाटत फिरत होता. अगदी पुढे, शेळीला दोरीने धरून, देवकाबाई बसली होती. दुकान तिने बंद ठेवलं होतं.

"भाऊ, ही शाळा आहे," गुरुजी म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"तुमी चालू द्या, गुरुजी. आमी बोलत नाई."

गुरुजींनी कपाळावरचा घाम पुसला आणि इंग्रजीचा पहिला धडा काढला. फळ्यावर त्यांनी आपल्या वळणदार हातानं सगळी अक्षरं मांडली, एकदा म्हणून दाखवली, वर्गाकडून दहादा म्हणून घेतली. एकटं कोण म्हणेल, असं विचारताच गोकुळा उठली. ती पुढे आली ती थेट जोत्याच्या कडेपर्यंत आली, कारण त्या ओट्यावर माणूस पुढे येतं ते लोकांकडे तोंड करूनच, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिने ए म्हटलं, बी म्हटलं. एका ठिकाणी अडली, वेष्टनावरचं अक्षर आठवायला डोळे मिटले, आणि पुढे निघाली. गुरुजी विंगेत उभे होते. शब्द विसरली तर सांगायला म्हणून ते ओठ हलवत होते, पण या वेळी त्यांनी मध्ये एक अक्षरही काढलं नाही. झेडपाशी पोचून ती थांबली.

मग देवकाबाई उभी राहिली. तिच्या हातातली दोरी सुटली, पदर पडला, त्याचं तिला भान नव्हतं. आयुष्यभर मंडईच्या नाटकांतून ऐकत आलेला, तिला येत असलेला एकमेव इंग्रजी शब्द ती सगळा जीव एकवटून ओरडली.

"वन्स मोअर!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेळी नाल्याच्या दिशेने पळत सुटली. गोकुळाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी डोळे पुसत मान डोलावली, आणि गोकुळाने पुन्हा ए पासून सुरुवात केली.